बारा, नागमोडी

ताईचा फोन मंगळवारी दुपारी आला तेव्हा धाकटा एका बाईंना त्यांचं वॉशिंग मशीन बंद करून पुन्हा चालू करायला सांगत होता. ही त्याची नोकरी होती. रोज आठ तास घरी बसायचं, कानाला हेडफोन लावायचा आणि अनोळखी माणसांना मशीन बंद करून पुन्हा चालू करायला सांगायचं. दहातली सात मशीनं तेवढ्यानं सुधारायची. उरलेल्या तिन्हींसाठी त्याच्याकडे दुसरं वाक्य होतं, की आमचा माणूस येईल. माणूस यायचा नाही, पण तोवर धाकट्याची पाळी संपलेली असायची.

"शनिवारी येतेय," ताई म्हणाली. "अप्पा कसे आहेत?"

"ठणठणीत."

आठ महिने तो हाच शब्द वापरत होता. वापरून वापरून त्याचा पार चोथा झाला होता.

"ठणठणीत म्हणजे काय रे? मागच्या आठवड्यात मला फोनवर विचारत होते, तुमचा ग्राहक क्रमांक काय."

"चेष्टा केली असेल."

"अप्पांनी? चेष्टा?"

अप्पांनी आयुष्यात एकदाच विनोद केला होता, आणि सगळे हसल्यावर त्यात तांत्रिक चूक आहे म्हणून तो मागे घेतला होता.

"हे बघ," ताई म्हणाली, "तो वृद्धाश्रम मी स्वतः बघून आले. स्वच्छ आहे, माणसं बरी आहेत. महिनाअखेरपर्यंत एक खोली धरून ठेवतो म्हणालेत. आता मी भांडणार नाही तुझ्याशी. मी आल्यावर फक्त एवढंच बघणार, की नाताळचं गाव कोण लावतंय. दरवर्षीसारखं अप्पांनी लावलं तर मी एक अक्षर बोलणार नाही. पण तू लावायचं आणि त्यांना शेजारी हसत उभं करायचं, असले धंदे नकोत. तुझे धंदे मला लहानपणापासून माहीत आहेत."

"कसले धंदे? काहीतरीच तुझं," धाकटा म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

आता हे गाव म्हणजे काय, ते सांगायला हवं. मोठ्या ट्रेएवढ्या पाटीवर सात घरं, एक चर्च, एक पाव भाजणाऱ्याचं दुकान, आणि मधोमध गोठलेलं तळं. तळ्यावर चार माणसं गोल गोल घसरत फिरायची. लोकसंख्या एवढीच. बाकीचे गावकरी आत असावेत, असा अंदाज खिडक्यांतल्या उजेडावरून करायचा. आईनं ते सव्वीस वर्षांपूर्वी एका बंद पडणाऱ्या दुकानातून आणलं होतं, आणि तळं आहे म्हटल्यावर त्यात एकदा खरं पाणी ओतून पाहिलं होतं. त्या दिवशी अप्पांनी तिच्याशी अबोला धरला, आणि तो सोडायच्या आधी पाटी उलटी करून तीन दिवस वाळवली. आई जाऊन सहा वर्षं झाली. गाव अजून चालत होतं. दर डिसेंबरात अप्पाच ते माळ्यावरून काढायचे, पुसायचे, जोडायचे, आणि चारही माणसं पूर्ण एक फेरी मारेपर्यंत हाताची घडी घालून समोर उभे राहायचे.

कारण अप्पा तपासनीस होते. चौतीस वर्षं त्यांनी विजेचे मीटर तपासले होते. मीटर टेबलावर यायचा, अप्पा तो तपासायचे, आणि त्यावर पांढरी पट्टी चिकटवायचे. पट्टीवर आकडा, तपासल्याची तारीख, पुढील तपासणीची तारीख, दोन सह्या. एक सही अप्पांची, दुसरी समोरच्या टेबलावरच्या माणसाची. एकाच्या सहीची पट्टी कच्ची समजायचे. आणि ज्यावर पट्टीच नाही ती वस्तू, मग ती कितीही चांगली दिसो, दिवस संपताना भंगारात जायची. ऑफिसात यावर चर्चा होत नसे. घरातही होत नसे. घरातल्या पट्ट्यांवर तारखा-सह्या नसत, व्होल्टचा आकडा आणि पुढे कुणी कधी न पाहिलेली एक बारीक रेघ असे. उपकरणावर एक पट्टी, त्याच्या ॲडॅप्टरवर तोच आकडा घातलेली दुसरी. आकड्याला आकडा लावा, अप्पा म्हणायचे, डोकं लावू नका.

बुधवारी पाळी संपल्यावर धाकट्यानं गाव खाली काढलं. घरं होती, चर्च होतं, चार माणसं होती. ॲडॅप्टर नव्हता.

"अप्पा, गावाचा ॲडॅप्टर कुठाय?"

अप्पा खिडकीपाशी बसून पट्ट्या कापत होते. हा त्यांचा उन्हाळ्यापासूनचा उद्योग. "डब्यात बघ," ते म्हणाले.

डब्यात एकतीस ॲडॅप्टर होते. मेलेल्या रेडिओचे, हरवलेल्या फोनचे, एका दाढीच्या यंत्राचे, जे दाढीसकट काकांबरोबर परदेशी गेलं होतं. प्रत्येकाच्या शेपटाला पट्टी होती. धाकट्यानं गावाची पाटी उलटी केली. तिथली पट्टी आईच्या पाण्यात भिजलेली. पहिला एक वाचता येत होता, पुढे नुसता निळा ढग. दीड, दहा, बारा, पंधरा, काहीही असू शकत होतं. डब्यात बारा लिहिलेला एक सापडला. पिन बसली. धाकट्यानं बटण दाबलं.

खिडक्या उजळल्या. तळ्यावरची चार माणसं एकदा दचकली, आणि जागच्या जागी उभी राहिली. कुणीतरी हाक मारल्यासारखी.

धाकट्यानं बंद करून पुन्हा चालू केलं. माणसं पुन्हा दचकली, पुन्हा थांबली. तिसऱ्या वेळी तळ्याखालून तापल्याचा वास यायला लागला, आणि पाव भाजणाऱ्याच्या दुकानातून बारीक धूर निघाला. एरवी ते शोभून दिसलं असतं. त्यानं वायर उपसली. दुकानातला दिवा कायमचा गेला.

"तापलं," अप्पा न वळता म्हणाले.

"कशानं तापलं, अप्पा?"

अप्पांनी बराच विचार केला. त्यांच्या कपाळावर जुनी, कामाची आठी आली. धाकटा आशेनं बघत राहिला. मग आठी गेली.

"तुमचा ग्राहक क्रमांक काय?" त्यांनी विचारलं.

गुरुवारी सुट्टी टाकून धाकटा गाव घेऊन बाजारात गेला. गाव चादरीत गुंडाळलं होतं आणि चर्चचा मनोरा चादरीतून वर आला होता. गर्दीतली माणसं आपोआप बाजूला होत होती. गेला आठवडाभर लोक त्याच्याशी फारच चांगलं वागत होते. बँकेत मागचा माणूस विनाकारण हसला होता, बसमध्ये दोन मुलींनी त्याच्याकडे वळून वळून पाहिलं होतं. आपण अडचणीत आहोत हे चेहऱ्यावर दिसत असणार आणि जगात अजून माणुसकी आहे, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं.

मोठ्या दुकानातल्या विक्रेत्यानं चादर उचलून पाहिली आणि सोडली.

"हे कशाला दुरुस्त करताय? नवीन गाव घ्या. फोनवरून चालतं. बर्फ पाडतं."

"मला हेच पाहिजे."

"लोकसंख्या बारा आहे त्याची."

"हेच पाहिजे."

"मग ॲडॅप्टर कितीचा?"

"तेच माहीत नाही. एकनं सुरू होतो."

"साहेब," विक्रेता शांतपणे म्हणाला, "माझा फोन नंबरही एकनं सुरू होत नाही, पण तेवढ्यावरून तो तुम्हाला सापडेल का?"

हे वाक्य धाकट्यानं पुढे दोन दिवस डोक्यात फिरवून पाहिलं. त्याचा अर्थ लागला नाही, पण अपमान झाला होता हे नक्की.

मागच्या गल्लीत दोन भिंतींच्या मध्ये, माणूस आडवा झाला तर मावणार नाही अशा जागेत एक दुरुस्तीवाला बसायचा. डोळ्याला भिंग, पुढ्यात उघडा पडलेला टेपरेकॉर्डर. त्यानं गाव पाहिलं, तळ्याला कान लावला, एका घसरणाऱ्या माणसाला बोटानं हळूच ढकललं.

"कुणी डोकं लावलंय याच्यात?"

"मी."

"वाटलंच. किती व्होल्टचं आहे?"

"तेच तर माहीत नाही. वडिलांना माहीत होतं."

"मग विचारा त्यांना."

"त्यांना..." धाकटा थांबला. आठ महिन्यांत हे वाक्य त्यानं कुणापुढे पुरं केलं नव्हतं. "त्यांना आता विचारता येत नाही."

"अरेरे. कधी गेले?"

"गेले नाहीत. घरी आहेत. पट्ट्या कापतायत."

दुरुस्तीवाल्यानं भिंग काढलं आणि नुसत्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तेवढ्यात मागून एक बाई मिक्सर घेऊन आली, आणि तिला वाट द्यायला धाकटा भिंतीकडे तोंड करून चिकटून उभा राहिला.

"बारा, नागमोडी," दुरुस्तीवाला म्हणाला.

"काय?"

"अहो, पाठीवर लिहून फिरताय, आणि वर मलाच विचारताय?"

त्यानं धाकट्याच्या जाकिटावरून, दोन्ही खांद्यांच्या बरोबर मधून, एक पांढरी पट्टी सोलून काढली आणि त्याच्या हातात दिली. अप्पांचं अक्षर. बारा, आणि पुढे एक छोटी नागमोडी रेघ. पट्टी जुनी होती, कडेनं पिवळी पडलेली. धाकट्याला बँकेतला माणूस आठवला. दोन मुली आठवल्या. जगातली माणुसकी जागच्या जागी निम्म्यावर आली.

"ही रेघ कसली?" त्यानं विचारलं.

"तुम्ही जो लावलात त्याच्यावर सरळ रेघ असेल, बघा घरी जाऊन. वीज दोन तऱ्हेची. सरळ वाहणारी आणि मागेपुढे होणारी. दिव्यांना कुठलीही चालते. पण तळ्याखाली जी मोटर आहे ना, तिला नागमोडीच लागते. सरळ दिली की ती एकदा दचकते आणि बसून तापते." तो पट्टीकडे बघत राहिला. "मीटर ऑफिसातले का वडील? असल्या पट्ट्या तिथंच. नागमोडी आता कुणी फारशी बनवत नाही. जुन्या दारघंटीचा एक पडलाय माझ्याकडे, त्याला तुमची पिन जोडतो. उद्या या. आणि मोटर जळली नाहीये, हे तुमचं नशीब."

त्या रात्रभर एक प्रश्न धाकट्याला छळत होता, आणि सकाळी दात घासतानाही तो आरशात समोर उभा होता. अप्पांनी ही पट्टी आपल्या पाठीवर का लावली? उत्तर सोपं होतं आणि ते त्याला नको होतं. घरभर पट्ट्या होत्या. चष्म्यावर सहा होता. बाथरूमच्या दारावर साडेचार. गोळ्यांच्या डबीवर नऊ. उन्हाळ्यात एक-दोन होत्या तेव्हा त्यानं हसण्यावारी नेलं. आता त्या उशीवर होत्या, नळावर होत्या, दाराच्या बाहेरच्या बाजूला होत्या. अप्पांच्या स्वतःच्या स्वेटरच्या खिशावर चोवीस होता. माणसाला व्होल्ट लावणारा माणूस ठणठणीत आहे, हे ताईला कुठल्या तोंडानं सांगायचं?

शुक्रवारी ॲडॅप्टर मिळाला. दुकानातच लावून पाहिला तेव्हा चारही माणसं सुरळीत घसरायला लागली, आणि दुरुस्तीवाला व मिक्सरवाली बाई, दोघांनी मिळून टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर धाकट्यानं तालीम घेतली.

"अप्पा, ही पिन इथं. मग हे इथं. मग बटण."

"मला शिकवतोस?" अप्पा कडाडले.

"नाही, नाही. तुम्हीच करा ना."

अप्पांनी केलं. एकदम बरोबर केलं. धाकट्याला इतका आनंद झाला की त्यानं पुन्हा करायला सांगितलं. दुसऱ्या वेळी अप्पांनी ॲडॅप्टर हातात घेतला, उलटसुलट केला, आणि शेपटाशी काहीतरी शोधलं. मग तो टेबलाच्या कडेला ठेवून दिला आणि पुन्हा त्याला हात लावला नाही. दोनात एक. पन्नास टक्के. धाकट्याच्या कंपनीत याला समाधानकारक म्हणत.

शनिवारी सकाळी अप्पा न्याहारी करून खुर्चीत डुलकी घ्यायला लागले, आणि धाकट्यानं घराकडे ताईच्या डोळ्यांनी पाहिलं. मग तो कामाला लागला. नळ, उशी, चष्मा, डबी, पेला, टॉवेल, कपाट, रिमोट. पट्ट्या निघताना चर्र असा आवाज यायचा आणि दर वेळी तो अप्पांकडे बघायचा. एकशे बारा निघाल्या. बाहेरच्या दारावरची काढली. सगळ्यांत शेवटी अप्पांच्या खिशावरची. ती त्यानं श्वास रोखून, दोन बोटांनी, एखाद्याचं पाकीट मारावं तशी काढली. अप्पा हलले नाहीत. सगळ्या पट्ट्यांचा मिळून टेनिसच्या चेंडूएवढा गोळा झाला. तो त्यानं जाकिटाच्या खिशात कोंबला. बारा नागमोडी मात्र पाकिटात वेगळी ठेवली होती. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. घर छान दिसत होतं. कुणाचंही असावं असं.

मग तो ताईला आणायला बसस्टँडवर गेला. बस पाऊण तास उशिरा आली.

"बारीक झालास," ताई उतरता उतरता म्हणाली. "अप्पा?"

"ठणठणीत."

दोघं जिना चढली. तिसऱ्या मजल्यावर वळणाशी ताई पुढे होती, ती थबकली, आणि धाकटा बॅगेसकट तिच्यावर आदळला.

जिन्याच्या तोंडाशी सहा पोती ओळीनं ठेवली होती. पहिल्यातून उशीचं टोक वर आलं होतं, दुसऱ्यातून किटलीची तोटी. तिसऱ्यात टॉवेल, रिमोट, गोळ्यांची डबी. पोत्यात न मावलेलं गाव भिंतीला टेकवून उभं केलं होतं, आणि चारही माणसं तळ्यावर आडवी होऊन लोंबकळत होती. पोत्यांच्या ओळीत सातव्या जागी अप्पा बसले होते. अंगात स्वेटर, डोळ्याला चष्मा नाही, दोन्ही हात गुडघ्यांवर. मजल्यावरची चारही दारं बंद होती. मागच्या वर्षी रंगारी येऊन गेला तेव्हापासून चारही दारं एकाच रंगाची होती, नंबर त्या रंगाखाली गेलेले.

"अप्पा!" ताई ओरडली. "इथं काय करताय?"

अप्पांनी मान वर केली. त्यांनी दोघांना ओळखलं, हे स्पष्ट दिसलं, आणि म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

"पट्टी नाही," ते म्हणाले. "कशावरच नाही. एकेक बघितलं. नियमानं बाहेर काढलं." मग त्यांनी खिशावर हात ठेवला. "माझ्यावर चोवीस होता. दारावर पण चोवीस होता. पोती ठेवली आणि परत फिरलो, तर दोन्हीकडे नाही. मग कुठलं दार वाजवायचं? म्हटलं, आपणही इथंच बसावं. कुणीतरी नेईल."

धाकट्याच्या हातातली बॅग दोन पायऱ्या खाली गेली. ताई त्याच्याकडे वळली. तिनं ओरडावं म्हणून त्याला अक्षरशः प्रार्थना करावीशी वाटली.

त्यानं खिशातून तो गोळा काढला आणि तिच्या पुढे धरला.

"मी काढल्या," तो म्हणाला. "तुला दिसू नयेत म्हणून. ठणठणीत बिणठणीत काही नाही, ताई. उन्हाळ्यापासून असं चाललंय. मला वाटलं, हे असलं वेडगळ तुला दिसलं की तू त्यांना नेशील."

"वेडगळ?" अप्पा म्हणाले. गोळा त्यांनी ओढून घेतला आणि नखानं त्यातली एक पट्टी सोडवायला लागले. "सहाला सहा. चष्मा आणि त्याची डबी. साडेचारला साडेचार. टॉवेल आणि बाथरूम. नऊला नऊ. गोळी आणि पेला. आकड्याला आकडा लावा, डोकं लावू नका. डोकं लागत नाही आता म्हणून तर केलं. यात वेडगळ काय?"

धाकट्याला आठ महिन्यांतले सगळे नऊ आणि सगळे सहा आठवले. पेला त्यानं पाहिला होता, डबीही पाहिली होती. दोन्ही एकत्र पाहायचं त्याच्या ठणठणीत डोक्यात आलं नव्हतं.

"म्हणजे अप्पा, तुम्हाला माहीत होतं?" ताई हळूच म्हणाली. "तुम्ही विसरताय ते?"

"चौतीस वर्षं मीटर तपासले. हळू चालणारा मीटर मला कळणार नाही का?"

धाकटा त्यांच्यासमोर पायरीवर बसला. पाकिटातून बारा नागमोडी काढून त्यानं विचारलं, "आणि ही? ही माझ्या पाठीवर का?"

अप्पांनी पट्टी डोळ्यांजवळ नेली. वेळ लागला. "ही ॲडॅप्टरची. यंदा मला जमणार नाही असं वाटलं. म्हणून तुला लावली. गाव तू लावायचंस."

"पाठीवर?"

"पुढे लावली असती तर तू काढली असतीस."

"आणि ॲडॅप्टर कुठे गेला?"

"त्याची पट्टी तुला लावली ना. मग त्याच्यावर पट्टी नव्हती." अप्पांनी हात पसरले. "गेला भंगारात."

ताईला हसू आलं. ते मध्येच मोडलं आणि ती भिंतीला टेकली. थोड्या वेळानं तिनं नाक पुसलं, अप्पांच्या बाजूला सहाव्या पोत्यावर बसली आणि पर्समधून पेन काढलं.

"अप्पा, तुमची पट्टी मी लिहिते. चोवीस ना?"

"ती मीच लिहिली होती. कच्ची होती." अप्पा सरळ बसले. आवाज ऑफिसातला झाला. "आपली आपण लिहायची नसते. तपासणाऱ्यानं लिहायची. आकडा, तपासल्याची तारीख, पुढील तपासणी, दोन सह्या."

स्वेटरच्या दुसऱ्या खिशातून त्यांनी कोऱ्या पट्टीचं रीळ काढून दिलं. ताईनं गुडघ्यावर पट्टी ठेवून चोवीस लिहिलं. आजची तारीख लिहिली. मग पेन थांबलं.

धाकटा बघत होता. महिनाअखेरपर्यंत धरून ठेवलेली ती स्वच्छ खोली त्यालाही दिसत होती, जरी त्यानं ती कधी पाहिली नव्हती. तिथल्या उशीवर कुणी पट्टी लावू देईल का, हे त्याला विचारायचं होतं. पण सकाळी घराला सोलणाऱ्यानं विचारायचा तो प्रश्न नव्हता.

"पुढील तपासणी?" अप्पांनी आठवण केली.

"बघतेय."

"तारीख नसेल तर पट्टी होत नाही."

"बघतेय हो, अप्पा." ताईनं धाकट्याकडे पाहिलं. "खोटं बोलशील पुन्हा फोनवर?"

"नाही."

"काय सांगशील?"

"जे असेल ते. गोळी चुकली तर चुकली म्हणून. जिन्यात बसले तर बसले म्हणून."

"दर रविवारी."

"दर रविवारी."

ताईनं मार्च लिहिलं. अक्षर तिरकं आलं. खाली सही केली आणि पेन धाकट्याला दिलं. त्यानं सही घाईघाईनं खरडली, कारण मार्चला तीनच महिने होते, आणि मार्चमध्ये याच जिन्यावर पुन्हा पेन काढावं लागणार हे तिघांनाही ठाऊक होतं. अप्पांनी पट्टी लांब धरून तपासली.

"दुसरी सही वाचता येत नाही," ते म्हणाले. "पण चालेल."

त्यांनी ती खिशावर लावली आणि अंगठ्यानं चारदा दाबली. दारावर तसाच दुसरा चोवीस ताईनं लिहून लावला. मग पोती आत नेली. गाव धाकट्यानं उचललं. नव्या ॲडॅप्टरच्या शेपटाला बारा नागमोडी गुंडाळली, पिन बसवली, आणि हात बटणावर ठेवून अप्पांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस? लाव."

घरं उजळली. पाव भाजणाऱ्याचं दुकान तेवढं काळोखात राहिलं. तळ्यावरची माणसं एकदा दचकली, आणि मग ती निघाली.

"थांब," ताई म्हणाली. "उलटी फिरतायत. दरवर्षी चर्चकडे जातात ना? ही घरांकडे चाललीत. चुकीचा ॲडॅप्टर आणलास का रे?"

धाकट्यानं बंद करायला हात पुढे केला. अप्पांनी तो वरच्यावर धरला.

"राहू दे. या मोटरला दिशा नसते. चालू होताना जिकडे जाईल तिकडे जाते," ते म्हणाले, आणि हाताची घडी घालून, चष्म्याशिवायच, एक फेरी पूर्ण व्हायची वाट बघत उभे राहिले. तळ्यावरची चौघं दुकानाच्या अंधारात शिरली. ताईनं पोत्यातून चष्मा शोधायला घेतला. "सहा," अप्पा तिला म्हणाले. "सहा शोध."

"सहा गेला, अप्पा. पुन्हा लिहावा लागेल."

"मग लिहा," अप्पा म्हणाले. "एकशे बारा आहेत."